डोस साहेबांच्या नावावर

काय हो, अणूवर संशोधन करणाऱ्या माणसाचा कोट मळतो कशाने आणि तो धुतं कोण, असा प्रश्न कधी पडलाय तुम्हाला? नसेलच पडला. बटण दाबलं, दिवा लागला, की आपले सगळे प्रश्न मिटतात.

गावाच्या कडेला तारेच्या कुंपणाआड सरकारी अणुप्रयोगशाळा आहे. पुढच्या बाजूला काचेची इमारत, हिरवळ, कारंजं. पाहुणे तेवढंच बघून खूश होऊन जातात. मागच्या बाजूला, बॉयलरच्या चिमणीखाली, पत्र्याच्या छपराचं धुलाईघर आहे. तिथल्या बाईंना सगळे धुलाईकाकू म्हणतात. त्यांचं खरं नाव फक्त ठेकेदाराला ठाऊक, तेही पगार कापायच्या दिवशी आठवतं.

प्रयोगशाळेत जिथे किरणोत्सर्गी माल हाताळतात, त्या विभागाला तिथले लोक ‘गरम’ म्हणतात. गरम विभागातले कोट, अंगभर चढवायच्या डांगऱ्या, हातमोजे आणि कापडी बूट पिवळ्या पिशव्यांतून धुलाईघरात येतात. काकू त्या पिशव्या स्टीलच्या टेबलावर उपड्या करतात, खिसे उलटे करतात, डाग बघून ढीग लावतात आणि मग कपडे मशीनमध्ये घालतात. कोणत्या शास्त्रज्ञाची सिगारेट अजून सुटलेली नाही, हे त्याच्या बायकोच्या आधी काकूंना कळतं. पिशवी उघडण्याआधी तपासायला भिंतीवर किरण मोजायचा एक मीटर होता. तो दुरुस्तीला गेला. त्याचा खिळा मात्र अजून इमानाने ड्यूटीवर आहे.

आता बिल्ल्याबद्दल सांगते. छातीवर लावायचा काडेपेटीएवढा बिल्ला असतो तो. अंगावर किरणांचा किती मारा झाला, ते त्यात साठतं आणि महिनाअखेर सुरक्षा विभाग ते वाचतो. वस्तू कामाची. पण आपल्याकडे कामाच्या वस्तूचा दागिना व्हायला कितीसा वेळ लागतो? संचालकांच्या टायपिस्टला बिल्ला आहे. फायली वाहणाऱ्या शिपायाला आहे. टेबलावर कपड्यांचे ढीग उपसणाऱ्या काकूंना नाही.

काकूंनी मागितला नव्हता असं नाही. सुरक्षा विभागाच्या प्रमुखाकडे त्या दर थोड्या दिवसांनी जायच्या आणि दर वेळी तेच कीर्तन ऐकून यायच्या.

“काकू, धोक्याच्या जागी काम करणाऱ्यालाच बिल्ला मिळतो. धुलाईघरात धोका नाही.”

“कशावरून नाही, साहेब?”

“तिथल्या कुणाच्याच बिल्ल्यावर आजवर काही आलेलं नाही.”

“तिथे कुणाला बिल्लाच नाही.”

“तेच तर सांगतोय मी!”

हा माणूस शिकलेला आहे बरं का. दाराबाहेरच्या पाटीवर नावापुढे इतकी अक्षरं आहेत, की नाव शोधावं लागतं.

त्या टेबलाशी एकट्या होत्या तोवर काकूंनी हे हसण्यावारी नेलं. पण मुलगा कामाला होता तो कारखाना बंद पडला, आणि ठेकेदाराने सुनेला दुसऱ्या पाळीसाठी त्याच टेबलावर घ्यायचं कबूल केलं. घरात पैसा हवाच होता. आणि सून होती पोटुशी. पोट त्या टेबलाच्या कडेला टेकवून ती उभी राहणार, हे काकूंच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्यांना एकच गोष्ट हवी होती. सून तिथे उभी राहायच्या आत, ते टेबल अंगावर काय टाकतं तेवढं कुणीतरी मोजून सांगावं.

कुणी मोजेना. मग फोटोसाहेब उपयोगी पडले.

फोटोसाहेब म्हणजे जनसंपर्क अधिकारी. अणूशी त्यांची ओळख फक्त भाषणातली. पाहुणे आले की ते पांढरा कोट चढवतात, बिल्ला झळकवतात आणि फोटोत मध्ये उभे राहतात. पाहुणे गेले की कोट खुंटीला. एका पाहुण्याच्या हातून त्यांच्या कोटावर चहा सांडला आणि कोट धुलाईला आला. बिल्ला छातीवर तसाच.

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि बिल्ला काढून स्वतःच्या एप्रनला आतून टाचला. पुढचे पाहुणे लवकर यायचे नव्हते, त्यामुळे साहेबांना कोट आठवला नाही आणि बिल्ला तर नाहीच नाही. महिना सरत आला तेव्हा काकूंनी इस्त्री केलेल्या कोटावर तो परत टाचला आणि वर धाडून दिला.

सुरक्षा विभागाने बिल्ला वाचला आणि पाचावर धारण बसली. जीव घेणारा डोस नव्हता तो. उगाच भीती विकायचा धंदा आपला नाही. पण फिती कापणाऱ्या माणसाच्या छातीवर गरम विभागातल्या कामगाराएवढा आकडा? साहेबांची केबिन सील झाली. पडदे तपासले, खुर्ची तपासली, भेट मिळालेल्या ट्रॉफ्या एकेक करून तपासल्या. साहेबांचं रक्त घेतलं, भरपगारी रजा दिली, दूध आणि फळं सुरू केली. संचालक स्वतः घरी जाऊन उशाशी बसले. साहेबांना खोकलाही आला. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच.

घरी काकूंनी सुनेला सगळं सांगितलं.

“आई, गप्प बसा हं,” सून म्हणाली. “बोललात तर तुमचंही काम जाईल आणि माझंही.”

“आणि गप्प बसले तर तू त्या टेबलाशी उभी राहणार.”

“राहीन की. तुम्ही नाही राहिलात इतकी वर्षं?”

“माझ्या पोटात कोण होतं गं तेव्हा?”

दुसऱ्या दिवशी काकू साहेबांच्या डोसासाठी नेमलेल्या चौकशी समितीच्या खोलीत न बोलावता जाऊन उभ्या राहिल्या. फोटोसाहेबही होते, शाल पांघरून.

“बिल्ला महिनाभर माझ्या अंगावर होता,” काकू म्हणाल्या. “जे काय आलंय ते माझं आहे. त्या टेबलावरचं आहे. टेबल तपासा.”

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“बाई, बिल्ला कुणाच्या नावावर आहे?”

“साहेबांच्या.”

“मग नियमाने डोसही साहेबांचाच. ज्याच्या नावाचा बिल्ला, त्याचा डोस.”

“म्हणजे साहेबांचे बूट घालून मी जिन्यावरून पडले, तर प्लास्टर साहेबांच्या पायाला?”

“मला अजून अशक्तपणा वाटतो,” फोटोसाहेब मध्येच म्हणाले. “तेवढं लिहून घ्या.”

“अहो, टेबलाजवळ मीटर धरायचं काम आहे. चहा गार व्हायच्या आत होईल!” काकू म्हणाल्या.

“तपासायचं तर आधी तिथे धोका असू शकतो असं मानावं लागेल,” सुरक्षा प्रमुख म्हणाले. “आणि धुलाईघरात धोका नाही, हे ठरलेलं आहे.”

साहेबांची रजा वाढली. सरकारी बिल्ल्याचा गैरवापर केला म्हणून काकूंना घरी बसवलं. आणि ठेकेदाराची हिंमत बघा! तो त्याच संध्याकाळी दारात हजर.

“सूनबाई, सासूची पाळीही तुम्हीच घ्या. दोन्ही पाळ्यांचा पगार देतो.”

सुनेने विचारलं, “बिल्ला देणार?”

“बिल्ल्याचं नाव काढू नका हो, बाई.”

“मग यादीतून माझंही नाव काढा,” असं म्हणून तिने दार लावलं. घरात दोन्ही पगार नव्हते. पण काकू सांगतात, त्या रात्री त्यांना आडव्या होताच झोप लागली.

आज त्या टेबलाशी तिसरीच बाई उभी आहे. तिलाही बिल्ला नाही. तिचं लहान मूल शेजारणीकडे असतं, आणि कामावरून परतली की ती आधी त्याला कडेवर घेते.

तुमच्यातले पुष्कळजण रोज त्या कुंपणाच्या आत जाता. तुमच्या छातीवर बिल्ला आहे. तुम्हाला मोर्चा काढायला सांगत नाही, सहीसुद्धा मागत नाही. या आठवड्यात कोट धुलाईला टाकाल तेव्हा बिल्ला काढू नका, कोटावर तसाच राहू द्या. त्या बाईशी बोलून ठेवलंय. ती तो पाण्यात जाऊ देणार नाही, टेबलाच्या कडेला लावून ठेवेल आणि महिनाअखेर परत टाचून पाठवेल. ज्याच्या नावाचा बिल्ला त्याचा डोस, असा नियमच आहे ना? मग एकदा ते टेबल तुम्हा सगळ्यांच्या नावावर चढू द्या.