तिघींची एक जुलै

कॉलेजच्या पोरींना बास्केटबॉल शिकवायला लागून मला आता अठरा वर्षं होतील. या काळात मी मोडलेले अंगठे पाहिले, भर मॅचमध्ये चक्कर येऊन पडलेली कॅप्टन पाहिली, सोयरीक जमली म्हणून फायनलच्या सकाळी पोरीची बॅग उचलून तिला घेऊन जाणारा बाप पाहिला. यातल्या कशानंच मी हलले नाही. मला हलवलं ते एका साध्या कागदानं. आणि तो कागद मीच भरलेला होता.

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्या आणि आम्ही सेमीफायनलला पोचलो होतो. आमचं कॉलेज तालुक्याचं. सिमेंटचं एक कोर्ट, त्यावरचे पट्टे दर पावसाळ्यानंतर पोरीच रंगवतात. समोर शहरातलं मोठं कॉलेज. मॅच संपली की लगेच विद्यापीठाच्या संघाची निवड होणार होती. माझी सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारी, धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची उंच पोरगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. निवड समिती तिला बघेल ती याच मॅचमध्ये. पुढच्या वर्षी ती कॉलेजात नसणार, आणि तिच्या गावात बास्केट नाही.

वॉर्मअप चालू होता तेवढ्यात शहरच्या कॉलेजचे कोच माझ्याकडे आले. त्यांच्या हातात आमच्या संघाची यादी होती.

"मॅडम, तिळ्या आणल्या काय तुम्ही?"

मी हसले. वाटलं, पोरींच्या उंचीवरून गंमत करत असतील.

"तीन पोरी, तीन आडनावं, आणि जन्मतारीख तिघींची एक जुलै? बोगस पोरी खेळवता का?"

मी यादी घेतली. खरंच होतं. एकाखाली एक. एक जुलै, एक जुलै, एक जुलै. अक्षर माझं. तीन वर्षांपासून हे फॉर्म मीच भरत होते आणि मला ते कधी दिसलंच नव्हतं. दिसणार कसं? माझी स्वतःची जन्मतारीख एक जुलैच आहे. आम्ही तर दर वर्षी चौघींचा मिळून एकच केक कापायचो. पोरी म्हणायच्या, "बरं आहे मॅडम, खर्च वाचते." यात काही विचित्र आहे, असं आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही.

आमच्याकडे हे कसं होतं ते सांगते. माझे बाबा मूल गावच्या राइस मिलमध्ये पोती उचलायचे. ते मला शाळेत घालायला घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी विचारलं, "पोरगी कधी झाली?" बाबा म्हणाले, "रोवना सरत आला होता, गुरुजी." म्हणजे भाताची लावणी संपत आली होती. "कोणत्या साली?" बाबा छताकडे बघायला लागले. मग गुरुजींनी मला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितलं. कान हाताला लागला. म्हणजे सहा वर्षांची झाली. गुरुजींनी हिशेब केला आणि एक जुलै टाकून दिली. त्याच तारखेवर मी दहावी झाले, बी.ए. झाले, बी.पी.एड. झाले, कॉलेजात क्रीडा संचालक म्हणून नोकरीला लागले. आमच्या घराण्यातली मी पहिली ग्रॅज्युएट. माझं एकेक सर्टिफिकेट मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेलं आहे, आणि त्याचा मला गर्व आहे, लपवायचं कशाला? तीच तारीख माझ्या पोरींना त्यांच्या आश्रमशाळेत मिळाली होती. तिघी एकाच शाळेच्या.

कोचसरांनी लेखी तक्रार दिली. मॅच थांबली. पोरी कोर्टाच्या कडेला पाय पसरून बसल्या. समितीचे अध्यक्ष, रिटायर झालेले एक प्रोफेसर, टेबलाशी येऊन बसले आणि त्यांनी तिघींतल्या एकीला, माझ्या सेंटरला, बोलावलं.

"घाबरू नकोस, बेटा. तुझा जन्म खरंच एक जुलैचा आहे का?"

मी तिच्याकडे बघून डोळ्यांनीच म्हटलं, हो म्हण. पण बॉल शेवटी कोणाच्या हाताला लागला असं रेफरीनं विचारलं तर खरं सांगायचं, हे तीन वर्षं मीच तिच्या डोक्यात भरलेलं.

"नाई, सर," ती म्हणाली.

"मग कधीचा?"

"आई म्हणते, धान चुरून राह्यले होते. थंडी होती." म्हणजे भाताच्या मळणीचे दिवस.

कोचसरांनी टेबलावर हात मारला. "घ्या! स्वतःच कबूल करून राह्यली!"

शेजारी बसलेल्या सचिवांनी लिहायला घेतलं: खेळाडूने जन्मतारीख खोटी असल्याचे मान्य केले. ते पेन चालताना बघून मी टेबलाशी गेले. पोरीनं चुलीजवळ बसून कोणालाही सांगितलं असतं तेच सांगितलं होतं, आणि त्या टेबलावर तो गुन्हा झाला होता.

"सर," मी म्हटलं, "कागद खोटा नाही. शाळेचाच आहे. तारीख गुरुजींनी अंदाजानं टाकली, पोरीनं नाही."

"आजच्या काळात, मॅडम?"

मी माझं ओळखपत्र काढून त्यांच्यासमोर ठेवलं. "ही बघा माझी."

मला वाटलं होतं, आता संपलं. एका कॉलेजच्या क्रीडा संचालकाची तारीख तीच आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार?

कोचसर बोलले. "म्हणजे मॅडम, तुम्हीपण बोगस?"

मागे कोणीतरी खी-खी करून हसलं. मी ओळखपत्र परत उचललं. प्लास्टिकमधलं एकेक सर्टिफिकेट डोळ्यांसमोरून गेलं, आणि प्रत्येकावर तो शब्द छापल्यासारखा दिसला.

अध्यक्षांनी आश्रमशाळेत फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मुख्याध्यापक पलीकडून मोठ्यानं म्हणाले, "कोणती एक जुलै पाहिजे, साहेब? त्या वर्षीच्या रजिस्टरात अर्धा वर्ग एक जुलैचा आहे. उरलेला एक जूनचा. ते दुसरे गुरुजी होते."

"उंच मुलगी तुमच्याच शाळेची?"

"पहिलीपासून. दहावीत तर दारात कपाळ लागायचं तिचं. काऊन, काही केलं का तिनं?"

"नाही," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी फोन ठेवला आणि नियमाची वही उलटली. "वयाची अट पंचवीसची आहे. दोन वर्षं इकडची तिकडे झाली तरी या मुली बसतात. मॅच सुरू करा."

एक तास उशिरा मॅच सुरू झाली. पहिल्या क्वार्टरमध्ये माझ्या सेंटरच्या हातून सोपे सोपे बॉल निसटले. मी बाहेरून ओरडत होते, आणि ती माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघत होती. शेवटच्या क्वार्टरला कुठं ती जागी झाली. मग तिनं रिंगखाली कोणालाच उभं राहू दिलं नाही. तीन पॉइंटांनी आम्ही हरलो. पण विद्यापीठाच्या संघाची यादी वाचली तेव्हा तिचं नाव त्यात होतं.

त्याच सचिवांनी तिला निवडीचा फॉर्म दिला. नाव, कॉलेज, वर्ग तिनं भराभर लिहिलं. जन्मतारखेच्या रकान्यावर पेन थांबलं.

"मॅडम, काय लिहू?"

"एक जुलै."

"पण मघाशी तर म्या..."

"कोणी विचारलं तर खरंच सांग. कागदावर एक जुलैच लिही."

माझ्या तोंडून हे इतक्या झटकन निघालं की मीच दचकले. जीभ जरासुद्धा अडली नव्हती.

"तुमच्यावानी?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. बॉल कोणत्या हातानं टाकू, असं विचारावं तसं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "माझ्यावानी."

तिनं तारीख लिहिली, खाली सही केली. सचिवांनी फॉर्म घेतला, तारीख बघितली, मान वर करून आम्हा दोघींकडे बघितलं, आणि शिक्का मारला.