खुशालकडे लक्ष न देण्याचा ठराव

खुशालनं सहामाहीचा गणिताचा पेपर कोरा दिला. अगदीच कोरा नाही म्हणा. वर नाव होतं, नंबर होता, 'प्रश्न पहिला' असं लिहून खाली पट्टीनं रेघ मारली होती. रेघ मात्र सुरेख होती. तिला अर्धा मार्क द्यावा की काय, या विचारात मी होतो, तेवढ्यात हेडमास्तरांचं बोलावणं आलं.

त्यांच्या टेबलावर खुशालचे आणखी तीन पेपर होते. इतिहास, इंग्रजी आणि शास्त्र. तिन्ही तसेच.

"हा तुमचा हुशार विद्यार्थी," ते म्हणाले.

"हुशारच आहे, सर. फळ्यावर कुठलंही गणित घाला, सोडवून दाखवतो."

"बोर्ड फळा पाठवत नाही, पेपर पाठवतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "जानेवारीत टेस्ट आहे. टेस्टला हेच झालं, तर मी याचा फॉर्म पाठवणार नाही. मला शाळेचा रिझल्ट सांभाळायचाय."

हे थोडं सांगायला हवं. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे. बोर्डाच्या परीक्षेआधी शाळा स्वतःची एक परीक्षा घेई, ती टेस्ट. टेस्टला पडलेल्या पोराचा फॉर्म शाळा पुढे पाठवतच नसे. म्हणजे पोरगं नापास व्हायच्या आधीच नापास, आणि शाळेचा टक्का शाबूत.

"आणि तुम्ही ते ट्रेनिंग घेऊन आलात ना?" हेडमास्तर म्हणाले. "मग दाखवा काहीतरी करून."

त्या ट्रेनिंगचीही एक गंमत आहे. साठ सालानंतरची गोष्ट. मुंबईहून पत्र आलं की शाळेनं एक शिक्षक तीन आठवड्यांच्या कोर्सला पाठवावा. परत आला की तो 'करिअर मास्टर'. पोरांनी पुढे काय शिकावं ते त्यानं सांगायचं, आणि त्यांच्या मनात काही खुपत असेल तर ऐकून घ्यायचं. हल्ली याला काउन्सेलर म्हणतात. आता माझा राग आमच्या सगळ्या दिग्रस गावाला ठाऊक. खडू फेकून मारायचा तर शेवटच्या बाकापर्यंत माझा नेम चुकत नसे. आणि ऐकून घेण्याच्या कोर्सला हेडमास्तरांनी पाठवलं कोणाला, तर मला. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "तीन आठवडे शाळेला तेवढीच शांतता."

परत आल्यावर मला नकाशांची खोली आणि समोरासमोर दोन खुर्च्या मिळाल्या. पण मास्तरासमोर खुर्चीवर बसायचं हे आमच्या पोरांच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. जो यायचा तो भिंतीला टेकून उभा राहायचा आणि 'काही नाही सर' म्हणून जायचा. बोलावलं म्हणजे मार मिळणार, अशीच सगळ्यांची समजूत. माझी कीर्तीच तशी होती, पोरांना काय दोष द्यायचा.

खुशालही भिंतीला टेकला. मी त्याला कापडी नकाशे गुंडाळायला दिले. हातांना काम मिळालं की तोंड सुटतं, एवढं तरी मला मुंबईत समजलं होतं. तिसऱ्या नकाशाला पोरगा बोलला.

"सर, पेपर समोर आला का मले लोकं दिसतेत."

"कोणते लोक?"

"सारेच. वस्तीतले. नामाकाका, पारबतामाय, जिनातले मानसं."

"काय करतात ते?"

"काई नाई. पाहून राह्यले असतेत."

खुशाल जिनाच्या मागच्या वस्तीतला. कापसातून सरकी काढतात त्या कारखान्याला आमच्याकडे जिन म्हणतात. त्याचे वडील तुळशीराम तिथंच गाठी बांधायला. नागपूरला दीक्षा घेऊन आलेली ही वस्ती, आणि तिथून मॅट्रिकला बसणारा हा पहिलाच. त्याच्या कंदिलाला घरोघरून पाळीनं घासलेट येई. त्याला पाणी भरू देत नसत, सरपणाला हात लावू देत नसत, कबड्डी तर बंदच. संध्याकाळी माणसं जिनातून सुटली की त्याच्या दारावरून जाताना एकेक जण विचारी, 'झालं का रे?' प्रेमच होतं ते. पण पोरगा त्या प्रेमाखाली चेपून गेला होता.

आता माझी चूक ऐका. ट्रेनिंगमधला पहिला नियम असा की खोलीतलं खोलीत राहिलं पाहिजे. पोरगा जे सांगेल ते त्याला विचारल्याशिवाय कोणाला सांगायचं नाही. मी हा नियम वहीत लाल शाईनं लिहिला होता. आणि त्याच आठवड्यात बाजारात तुळशीराम भेटले, तर त्यांना सगळं सांगून मोकळा झालो.

"मंग सर, काय करू म्हनता?"

"काही नाही. वस्तीतल्या लोकांना सांगा, त्याच्याकडे लक्ष देऊ नका म्हणावं."

तुळशीराम शब्दाचा पक्का माणूस. हाव म्हणाले आणि गेले.

मला त्या वस्तीची रीत माहीत नव्हती. दीक्षेनंतर त्यांनी जुने रिवाज सोडले होते आणि मंडळ काढलं होतं. लग्न कसं लावायचं, विहिरीवर पाळी कशी, वाचनालयात पेपर कोणता घ्यायचा, सगळं बैठकीत ठरे. ठराव होई, वहीत लिहिला जाई आणि मुख्य म्हणजे पाळला जाई. आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये ही शेवटची गोष्ट कधी झाल्याचं मला आठवत नाही.

तर बैठक बसली. ठराव झाला: 'खुशाल तुळशीराम याच्याकडे टेस्टपर्यंत कोणीही लक्ष देऊ नये.' एकमतानं मंजूर.

आठ दिवसांनी खुशाल स्वतःहून खोलीत आला. पहिल्यांदाच न सांगता खुर्चीवर बसला.

"सर, माह्या हातून काय गुन्हा झाला?"

"का रे?"

"कोनी बोलत नाई. मी आलो का पारबतामाय भिताडाकडे तोंड करते. पोट्टे खेळ थांबवतेत. बैठकीची वही मीच लिहितो नेहमी. ते बी माह्या हातून काढून घेतली. बाबा सांगतेत, त्याह्यच्या गावात पहिले मानसाले वाळीत टाकत. मले तसंच वाटून राह्यलं."

पोराला बरं करायला निघालो होतो आणि त्याच्याच माणसांकडून त्याला वाळीत टाकून आलो होतो. टेस्टला तेव्हा पंधरा दिवस उरले होते.

त्या दिवसांत माझंही काही खरं नव्हतं. खुशालचं वाईट वाटायचंच, पण इतर पोरांचंही सगळं डोक्यात घेऊन घरी यायचो. घास गिळवत नव्हता. वर्गात आवाज चढायचा, घरात त्याहून जास्त. शेवटी बायकोनं ताट पुढं सरकवत सुनावलं, "शाळेतून एकटे येत जा जरा. पाटावर बसता एकटे, अन् सोबत पुरा वर्ग असते तुमच्या. मी कोणाकोणाले वाढू?" मी तिच्यावरही ओरडलो. मग उठून हात धुतले, आणि मनातून खजील झालो.

दुसऱ्या दिवशी खुशालला घेऊन शाळेच्या मैदानावर फिरलो. घडलं ते सगळं खरं सांगितलं आणि चूक कबूल केली. मास्तर चूक कबूल करतो हे त्याला इतकं नवीन होतं की तो मागं वळून पाहायला लागला, मी दुसऱ्याच कोणाशी बोलतोय की काय म्हणून.

"मी वस्तीत येऊन बोलू का?" मी विचारलं. "काय सांगू, काय नको, ते तूच ठरव."

"तुमी तुमची चूक सांगा. माहं मी सांगतो."

रविवारी सकाळी गेलो. शाळेपासून चालत दहा मिनिटं. तीन वर्षं मी त्या पोराला शिकवत होतो आणि त्या रस्त्यानं एकदाही गेलो नव्हतो. याची लाज वाटली, आजही वाटते.

विहारापुढे माणसं जमली होती. विहार म्हणजे तेव्हा चार खांब आणि वर टिनाचे पत्रे. मंडळाचे अध्यक्ष नामाकाका, जिनातले जुने कामगार. मी उभा राहून सांगितलं की लक्ष देऊ नका हे मीच म्हणालो होतो, आणि ते चुकलं.

नामाकाकांनी शांतपणे ऐकलं. "चूक नाई, मास्तर. ठराव बराबर होता. अंमल जरा जास्त झाला."

"मी तर आठ दिस झाले, पोराले जेवला का म्हनून बी इचारलं नाई," पारबतामाय म्हणाल्या. "माह्या जिवाले मालूम, कसे काढले ते." आणि पदर डोळ्याला लावला.

"खुशाल, बोल बापा," नामाकाका म्हणाले.

खुशाल उभा राहिला. आधी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली, मग बोलला. "मले पानी भरू द्या. सकाळी दोन खेपा. संध्याकाळी कबड्डी खेळू द्या. मी निरा दिवसभर बसून राह्यतो तर डोक्यात नुसते तुमीच येता."

"लिहा," नामाकाका म्हणाले. "आनखी?"

"आनखी एक इचाराचं होतं." पोराचा आवाज बारीक झाला. "मी नापास झालो तं काय होईन, ते मले कोनीच सांगत नाई."

तुळशीराम खाली पाहत होते. खरं तर तिथं कोणाच्याच मनात ही गोष्ट आली नव्हती. मॅट्रिक होणार, एवढंच सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा ट्रेनिंगच्या वहीत पानं भरून आणली होती, पण हा साधा प्रश्न मी त्याला विचारू दिला नव्हता.

नामाकाकांनी घसा साफ केला. "काय होईन? पुढच्या साली अजून बसशीन. आमी कुठी जाऊन राह्यलो का?"

"हाव ना," मागून कोणीतरी म्हणालं.

"मंग ठरावात घ्या. अन् वही दे त्याले. त्याचाच हात चांगला हाय."

खुशालनं वही मांडीवर घेतली. साठ-सत्तर माणसं त्याच्याकडे पाहत होती. टक लावून, नेहमीसारखी. आणि तो लिहीत होता. 'खुशाल तुळशीराम नापास झाल्यास पुढील वर्षी पुन्हा बसेल. मंडळ त्याच्यासोबत आहे.' कुठं खाडाखोड नाही की कुठं थांबला नाही. मला इतका आनंद झाला की उगाच चष्म्याच्या काचा पुसत बसलो.

मी निघणार तेवढ्यात पारबतामायनं अडवलं. "अध्यक्ष, या मास्तरचं बी काई लिहा. वाळून काडी झाला मानूस. साऱ्याह्यचं हा ऐकते, याचं कोन ऐकते?"

मी म्हटलं, छे छे, माझं काही नाही. अगदी 'काही नाही सर' च्या चालीवर. नामाकाकांनी ऐकलंच नाही. ठराव झाला: मास्तरांनी दर रविवारी कबड्डीला पंच म्हणून यावं, शाळेचा विषय काढू नये, आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ नये. एकमतानं मंजूर. मला मतच नव्हतं.

पंचाचं काम मला फार मानवलं. तिथं ओरडणं हीच नोकरी. लाइनवर पाय पडला की ओरडा, दम तुटला की ओरडा, आणि वर लोक म्हणणार, मास्तर चांगला पंच आहे. आठवड्याभराचं ओरडणं मी रविवारीच उरकून घेई. सोमवारी वर्गात घसाच शिल्लक नसे. पोरांना वाटलं, सर सुधारले. घरी मी एकटा जेवायला बसू लागलो आणि दुसऱ्यांदा भात मागू लागलो.

टेस्टच्या पहिल्या दिवशी खुशाल पाणी भरून आला. शर्टाची बाही ओली होती. मी सुपरविजनला नव्हतो, तरी तीनदा खिडकीशी जाऊन आलो. तिसऱ्यांदा त्यानं मला पाहिलं आणि हातानं खूण केली, जा म्हणून. मी गेलो. टेस्टला तो सगळ्या विषयांत सुटला आणि हेडमास्तरांनी न बोलता फॉर्मवर सही केली.

जूनमध्ये बोर्डाचा रिझल्ट आला. खुशाल इंग्रजीत गेला. हेडमास्तरांनी शाळेचा टक्का माझ्याकडे पाहत दोनदा वाचला. मी सायकल काढली. कसं समजवायचं याची वाक्यं जुळवत जिनापर्यंत पोचलो, तर पोरगाच समोरून येत होता, डोक्यावर घागर.

"सर, इंग्रजीत गेलो."

"माहीत आहे रे."

"मंडळाले सांगून आलो. पुढच्या सालाची वाट नाई पाहाची, ऑक्टोबरच्या परीक्षेलेच बस म्हनते." मग त्यानं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "तुमाले लय वाईट वाटून राह्यलं का, सर?"

"वाटतं थोडं."

"मंग या संध्याकाळी. रविवार नाई, पन तुमच्यासाठी एक मॅच लावतो."

ऑक्टोबरला तो पास झाला. पुढे पोस्टात लागला.

मी ट्रेनिंगच्या वहीत लाल शाईनं आणखी एक नियम लिहिला: ज्याला मदत करायची, त्याला आधी विचारावं. हेडमास्तरांना दाखवला. ते म्हणाले, "एवढ्यासाठी मुंबईला कशाला जायला हवं होतं?"

म्हटलं, "नाही सर, हे मुंबईला नाही समजलं. तिथून येऊन चुकलो, तेव्हा समजलं."