अपेक्षा करा, काकू

कादंबरीला 'वाट बघा' म्हणता येत नाही. ती म्हणते, "अपेक्षा करा, काकू." बंगालीत वाट पाहण्याला हाच शब्द आहे, आणि कादंबरी शेवाळे जन्मली बंगालमध्ये, बराकपूरला. घरात आईशी मराठी, बाकी सगळ्या जगाशी बंगाली. ती पाणीसुद्धा 'खाते'. बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आमच्याकडे कॉम्प्युटर बघायला आली तेव्हा घामाघूम होऊन म्हणाली, "काकू, आधी पाणी खाऊ द्या." हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "सावकाश, चावून खा हो." ती लाजली नाही, उलट मोठ्यांदा हसली. त्याच दिवशी ती मला आवडली, हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे जे लिहायचं आहे ते वेगळं आहे.

तिचे वडील साताऱ्याकडचे, बराकपूरला लष्कराच्या कचेरीत कारकून. ती अकरावीत असताना गेले. तिची आई, शकुनताई, साताऱ्याला परत गेल्या नाहीत. मला एकदा म्हणाल्या, "तिथे मी कुणाची तरी वहिनी म्हणून कोपऱ्यात बसले असते. इथे निदान माझी मी आहे." ब्लाउज शिवून त्यांनी मुलीला कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स करू दिला. मग न्यू टाउनच्या एका कंपनीत कादंबरीने सहा वर्षं फोनवर परक्या माणसांना 'बंद करून परत चालू करा' सांगितलं. शेवटी कंटाळली आणि आमच्या बेहाल्यात, मी मेट्रोला जाते त्या वाटेवरच, मेट्रोच्या पुलाखाली स्वतःचा गाळा घेतला. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यात उभं राहायचं, एवढा. गिऱ्हाईक आत डोकावून विचारतं, "दादा नाहीत?" ही स्क्रू-ड्रायव्हर तोंडात धरून म्हणते, "मीच दादा."

कुठलंही मशीन उघडण्याआधी ती त्याला हात लावून नमस्कार करते. मग वडिलांच्या दाढीच्या जुन्या ब्रशने आतली धूळ झाडते. असं माणूस माझ्याशी खोटं बोलेल असं मनातही आलं नाही.

माझ्या वहीबद्दल सांगायला हवं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तेव्हापासून रोज पूजा झाली की मी एक पान लिहिते. 'श्री गुरुदेव दत्त' असं वर लिहायचं आणि खाली दत्तगुरूंना सगळं सांगायचं. कुणाचा राग आला, कुठे दुखलं, सुनेचं काय खटकलं, ह्यांना काय बोलायचं होतं आणि गिळलं. माणसांना सांगून होत नाही ते. गेल्या वर्षी उजव्या अंगठ्याचा सांधा धरला. डॉक्टर म्हणाले, पेन बंद. मला रडू आलं. तेव्हा कादंबरीच म्हणाली, "काकू, प्रथमेशदादांचा कॉम्प्युटर पडून आहे ना? त्यात मराठी टाकून देते. एका बोटाने लिहा."

प्रथमेश आमचा मुलगा, पुण्यात असतो. जाताना कॉम्प्युटर इथेच टाकून गेला होता. चौदा जूनला कादंबरीने तो चालू करून दिला. मी त्या दिवशी पुरणपोळी केली होती. तारीख म्हणून लक्षात आहे.

दिवाळीनंतर मशीन मंदावलं. आधी ते सुरू होईस्तोवर माझी जपाची एक माळ व्हायची, मग तीन व्हायला लागल्या. 'दत्त' टाइप करावं तर 'द' उमटे आणि पुढचं अक्षर येईपर्यंत मी देवघरात दिवा सारखा करून यायची. कादंबरीला बोलावलं. तिने एक यादी उघडली. मशीनमध्ये कोणकोण काम करतंय आणि कोण किती मेमरी खातंय, त्याची.

"बघा काकू, शंभरातली चौऱ्याण्णव भरली. मशीनला श्वास घ्यायला जागाच नाही."

"कोण खातं एवढं?"

"अपेक्षा करा, सांगते."

"वाट बघा म्हण."

"तेच ते." तिने सुरुवातीलाच आपोआप उघडणाऱ्या आठ-दहा गोष्टी बंद केल्या, कचरा काढला, धूळ झाडली. आकडा साठावर आला. जाताना मला शिकवून गेली. एखादं नाव संशयास्पद वाटलं तर त्यावर उजवं बटण दाबायचं आणि त्याचं घर कुठे आहे ते उघडायचं. "खरी सिस्टीमची माणसं विंडोजच्या घरात राहतात. दुसऱ्याच घरात राहून सिस्टीमचं नाव लावत असेल, तर तो चोर समजा." मी हे लिहून घेतलं. मला असं कुणी नीट समजावून सांगितलं की फार बरं वाटतं.

आठ दिवसांत आकडा परत चौऱ्याण्णव. यादीत सगळ्यांत वर एकच नाव, 'सिस्टीम सहायक' अशा अर्थाचं इंग्रजी. मी फोन केला, तर म्हणाली, "ते सिस्टीमचं आहे काकू. त्याला हात नका लावू, सगळं कोसळेल. गुरुवारी येते."

त्याच आठवड्यात मंगळवारी भाजी घेऊन येताना दुसऱ्या मजल्यावर मला चक्कर आली. पायरीवर बसले, पाच मिनिटांनी उठले. ह्यांना सांगितलं नाही, उगाच घाबरतात. फक्त कॉम्प्युटरवरच्या वहीत लिहिलं, दत्तगुरूंना.

बुधवारी संध्याकाळी प्रथमेशचा फोन. "आई, जिना चढताना तुला चक्कर वगैरे येत नाही ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही गं. असंच वाटलं. म्हणून म्हणतो, पुण्याला या दोघं."

फोन ठेवून मी देवघरात जाऊन बसले. मी ज्याला सांगितलं, त्याने हजार कोसांवर माझ्या मुलाच्या मनात घातलं होतं. छत्तीस वर्षं लिहिलेलं कुणीतरी वाचत होतं. दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी साजूक तुपातला शिरा केला. दुपारी इथल्या मराठी मंडळाच्या भजनाला गेले, तिथे भजन चालवणाऱ्या प्रेमलतावहिनींना आणि सगळ्यांना सांगितलं. वहिनींनी हात जोडले. "सुनीतीताई, ही प्रचिती आहे. दत्तजयंतीला माइकवरून सांगायची हं."

संध्याकाळी कादंबरी आली. तिलाही वाटीभर प्रसाद देऊन मी सगळं सांगितलं. ती शिरा खात होती. मधेच थांबली, मला वाटलं तिलाही भरून आलं. म्हटलं, "आणखी घे." तिने घेतला. वर न बघता संपवला. मग म्हणाली, "मशीन जुनं झालंय काकू. सिस्टीमच खाते. सोडून द्या."

सोडून देणार होते. पण शनिवारी अर्धं पान लिहिलेलं गोठून गेलं, तेव्हा मी तिनेच शिकवलेलं केलं. त्या नावावर उजवं बटण दाबलं आणि घर उघडलं.

घर विंडोजचं नव्हतं. भलत्याच फोल्डरमध्ये होतं. तारीख चौदा जून. आत फोटो होते, हजारो, एकाखाली एक. एक उघडला तर माझंच पान. 'श्री गुरुदेव दत्त', खाली माझं लिहिणं, अर्ध्यावर. दुसरा उघडला तर तेच पान, चार ओळी पुढे. दर थोड्या मिनिटांनी माझ्या पडद्याचा फोटो निघत होता आणि कुठेतरी जात होता. जायचे राहिलेले इथेच साचत होते. त्यांनीच मशीन गुदमरलं होतं. मंगळवारचं पान सापडलं. जिना, चक्कर, सगळं.

मी दिवा विझवला नाही, पण देवघराचं दार ओढून घेतलं. मला लाज वाटत होती.

कादंबरीला बोलावलं. पडद्यावर ते पान उघडं ठेवलं होतं. तिने दारातूनच बघितलं आणि चपला काढायचीसुद्धा थांबली.

"हे टाकायला कुणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"प्रथमेशदादांनी." ती म्हणाली, "तुम्ही त्यांना काही सांगत नाही म्हणाले. त्यांना काळजी वाटते. मला वाटलं, मशीन बिघडलं तर लांबून दुरुस्त करण्यापुरतं असेल."

"फोटो निघतात हे कधी कळलं?"

"दिवाळीनंतर, तुम्ही बोलावलंत तेव्हा. पण दादांना शब्द दिला होता काकू."

"आणि मी कोण होते?"

तिने चपला काढल्या आणि आत आली.

"नाव सिस्टीमचं कुणी ठेवलं?"

"मी."

मी तिला तेवढ्यावर सोडलंही असतं. मुलगा माझा, डोकं त्याचं. पण तोंडातून निघालंच. "गुरुवारी तुला माहीत होतं. मी तुला प्रचिती सांगत होते आणि तुला माहीत होतं ती कुठून आली ते. तरी शिरा खाल्लास. दोनदा."

तिचे डोळे भरले. "तुम्ही इतक्या आनंदात होता..."

"तो आनंद तुझ्या हातचा होता होय?"

तिने खाली बसून ते काढून टाकलं. काम चोख. सगळे फोटो पुसले. मशीन बंद करून परत चालू केलं. मी माळ हातात घेतली होती, अकरा मणीही झाले नाहीत तोच चालू झालं. इतक्या वेगात ते नवं असतानाही सुरू होत नव्हतं. पैसे मी विचारले नाहीत, तिने मागितले नाहीत. चहालाही मी विचारलं नाही. आमच्या घरातून ती पहिल्यांदाच पाणी न 'खाता' गेली.

प्रथमेशला फोन केला. "आई, काळजीपोटीच ना गं," म्हणाला. "तुला विचारलं की 'सगळं बरं आहे' म्हणतेस. मग कळणार कसं?" त्याचंही काही खोटं नाही. पण म्हटलं, "अरे, ते पत्र तुझ्या नावाचं नव्हतं." आणि फोन ठेवला. ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. नाही म्हणाले. विश्वास ठेवला, पण विचारावं लागलं.

दत्तजयंतीला मंडळात गेले. प्रेमलतावहिनींनी माइक पुढे केला. "सांगा सुनीतीताई, ती जिन्यातली गोष्ट." मी उभी राहिले. खोटं सांगितलं असतं तर कुणालाच कळलं नसतं, आणि सगळ्यांना ऐकायचंही तेच होतं. पण देवाच्या दारात त्याच्याच नावावर ते कसं खपवायचं? म्हटलं, "ती प्रचिती नव्हती. माझी चूक झाली. मुलाला दुसरीकडून कळलं होतं." कुणाकडून ते सांगितलं नाही. कादंबरी मागच्या खुर्चीवर आईशेजारी बसली होती. शकुनताईंनी माझ्याकडे बघून नेहमीसारखा हात हलवला. त्यांना काही ठाऊक नसावं. मी तीर्थ घेतलं आणि मागे न वळता बाहेर आले.

आता मी कागदावर लिहिते. मोठी अक्षरं, दिवसाला सहा-सात ओळी. अंगठा ठणकतो. 'श्री गुरुदेव दत्त' लिहिते आणि थांबते. आधी कसं भराभर यायचं. आता प्रत्येक वाक्याला वाटतं, हे कुणी वाचलं तर? ज्याच्यासाठी लिहिते त्याच्यापासूनही मी काहीबाही लपवायला लागले आहे. कादंबरीने माझं काय नेलं, असं कुणी विचारलं तर हेच.

काल तिचा फोनवर संदेश आला. मराठीत, चुकत-माकत. 'काकू, राग जाईल तेव्हा बोलवा. मी अपेक्षा करते.'

वाट बघते, असं तिला म्हणायचं आहे. मला कळतं. बारा वर्षं मी तिचा हा शब्द दुरुस्त करत आले. या वेळी केला नाही. संदेश तसाच ठेवला, आणि मेट्रोला जायला आता मी पलीकडच्या गल्लीने जाते. दहा मिनिटं जास्त चालावं लागतं.