डॉक्टरांचं ‘सकम्ड’

इंग्रजीतलं ‘सकम’ म्हणजे दुखण्यापुढे हरून मरणं, हे मला ठाऊक नव्हतं. तरी मी अर्थ सांगितला. आजही फिनेलचा वास आला की पंचावन्न सालचा वर्ध्याचा तो दवाखाना समोर येतो. आंजीची आमची गोदाकाकू काकांना घेऊन आली होती. मी नवा मॅट्रिक, म्हणून तिचा दुभाषी!

मद्रासी डॉक्टर बाहेर येऊन इंग्रजीत म्हणाले, “ही सकम्ड.” त्यांनी हात जोडले होते, ते मला आज दिसतात; तेव्हा मी नुसतं इंग्रजी ऐकत होतो.

“काकू, काकाले बरं वाटून राह्यलं,” मी ऐटीत म्हणालो.

तिनं आवारातल्या विटांच्या चुलीवर कण्या गरम केल्या आणि फुंकत आत नेल्या.

बाहेर आली ती भरली वाटी घेऊन. “येत नव्हतं त तसं सांगायचं ना, मॅट्रिक! थंडगार तोंडाले घास लावला मी.”