वरच्या खोलीतून चालणारी मोटर

“मागे चालू आहे, काका.” प्रश्न कुठलाही असो, त्याचं उत्तर हेच. कुकर लावलास का? मागे चालू आहे. कपडे भिजवलेस, ते धुणार कधी? मागे चालू आहे. बोलताना मान वळायची नाही, कळफलकावरची बोटं थांबायची नाहीत. नुसता अंगठा खांद्यावरून मागे दाखवायचा, जसं काही पाठीमागे चार गडी राबतायत. मागे बघावं तर भिंत, आणि खुंटीला ओला टॉवेल.

भुईगावच्या आमच्या घराची वरची खोली त्याला भाड्याने दिली होती. साताऱ्याकडचा मुलगा. घरात बसून कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचा. असली मुलं तुम्हीही पाहिली असतील, आता गल्लोगल्ली आहेत. मी चौथी शिकलेला माणूस, पण डोळे शाबूत आहेत. म्हणून लिहितो.

एकदा विचारलंच, “हे मागे-मागे म्हणतोस ते काय असतं रे?”

फार खूश झाला. मला खुर्ची दिली. काळा पडदा, त्यावर रंगीबेरंगी अक्षरं. म्हणाला, “काका, मी इथे लिहितो. लिहिलेलं चालवून बघावं लागतं. पूर्वी चालवलं की ते संपेपर्यंत ही लिहायची खिडकी गोठून बसायची, एक अक्षर उमटायचं नाही. आता कळ दाबली की ते मागे चालत राहतं आणि मी पुढे लिहीत राहतो. संपलं की खाली कोपऱ्यात ओळ येते.”

“ती ओळ कोण वाचतं?”

“मीच.”

“केव्हा?”

“तुम्ही पण ना, काका!”

यात शोध कसला लागला ते मला काही कळेना. माझी आई चुलीवर भात ठेवून अंगण झाडायची, पण तिचं नाक भातापाशी असायचं. याचा कुकर शिट्ट्या मारून मारून दमायचा आणि शेवटी माझी बायको धापा टाकत वर जायची. “बाळा, जळलं रे!” “हो काकू, बघतो.” म्हणजे जळून झाल्यावर बघणार. आईचा फोन तर टेबलावर उघडाच बोलत असायचा आणि हा लिहिता लिहिता “हो आई, हो आई” करायचा. अशाच एका ‘हो’मध्ये त्याने मुलगी बघायला येतो म्हणून कबूल केलं. रविवारी तिकडे पोहे झाले, माणसं जमली, आणि नवरदेव इथे माझ्या घरात पालथे झोपलेले.

हे सगळं हसून सोडण्यासारखं होतं. बावखलाचं तसं नाही.

आमच्या इकडे वाडीत गोड्या पाण्याचं तळं असतं, त्याला बावखल म्हणतात. समुद्र हाकेवर. पाणी बेताने उपसलं तर गोड राहतं. तळ उघडा पाडलात की खालून समुद्र आत येतो. म्हणून मोटर लावली की मी काठावर बसायचो आणि पाणी खालच्या पायरीला टेकलं की बंद करायचो. माझी पानवेल, म्हणजे विड्याच्या पानांचा मळा, याच पाण्यावर. वडिलांनी लावलेला. खारं पाणी त्याला विषासारखं.

मला असं बसलेलं बघून त्याला राहवेना. “काका, रोज नुसते बसून राहता? मी वरूनच मोटर चालू करतो. लिहिता लिहिता एक कळ. वेळ झाली की आपोआप बंद.”

मी नको म्हटलं. पण बायकोला माझ्या गुडघ्यांचा पुळका आला, ती हो म्हणाली. स्विचपाशी त्याने नेटवर चालणारी एक डबी बसवली, आणि मोटर चालायला लागली खरी. तरी मी काठावर जाऊन बसायचोच.

“विश्वास नाही का काका?”

“तुझ्यावर आहे रे. पण तू असतोस कुठे?”

वैशाखात आम्ही दोघं अर्नाळ्याला लग्नाला गेलो. उन्हं कलताना परतलो तर फाटकापाशीच जळका वास. मोटर जळून गप्प झालेली. बावखलाच्या तळाशी चिखल, चिखलात मासे तडफडतायत आणि बगळ्यांची पंगत बसलेली. वर गेलो. कानात गाण्याची बोंडं घालून साहेब लिहीत होते. नेट मध्येच गेलं होतं म्हणे, बंद करायचा निरोप डबीपर्यंत पोचलाच नाही.

“काका, इथे ओळ आली होती, चूक झाली म्हणून,” तो पडद्याकडे बघत म्हणाला. “मी दुसऱ्या खिडकीत होतो.”

“तुझ्या खोलीला खिडकी एकच आहे. ती बावखलावरच उघडते.”

सकाळी बावखलात पाणी परत आलेलं होतं. बायकोने ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. “खारं पानी!” ती तिथेच पायरीवर बसली. मी वेलींकडे बघितलं नाही.

तेवढ्यात हा खाली आला. “टँकर सांगितलाय काका, तो मागे—” म्हणाला आणि जीभ चावली.

टँकर आला. त्यानंतरही येत राहिला. हा एकेका वेलीच्या मुळाशी पाइप धरून उभा राहायचा. खिशात फोन कोकलत असायचा, ऑफिसचा. उचलायचा नाही. उन्हाने मान काळी पडली.

टँकरवाल्याने मला विचारलं, “मुलगा का तुमचा?”

“भाडेकरू. मुलगा असता तर कधीच थोबाडीत दिली असती.”

निम्मी पानवेल गेली, निम्मी तगली. तोवर कंपनीने त्याला पुण्याला बोलावून घेतलं. जाताना बायकोच्या पाया पडला. माझ्याकडे आला तेव्हा मी गोठ्यात काम काढलं. खोली तेव्हापासून रिकामी आहे. बायको म्हणते दुसरा भाडेकरू ठेवू. मी म्हणतो बघू.

पावसाळा सरता सरता त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. “काका, पाणी गोड झालं का?”

“थांब, चाखून सांगतो.”

फोन ओट्यावर ठेवला आणि गेलो. माझे गुडघे तुम्हाला सांगितलेच. जायला यायला वेळ लागला. बावखल काठोकाठ भरलेलं. ओंजळ प्यालो, तोंड पुसलं, सावकाश परत आलो. म्हटलं, याने केव्हाच ठेवला असेल. फोन कानाला लावला. बोलणं नाही, कळफलकाची टकटक नाही. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

पाणी गोड झालं होतं. पण मी लगेच सांगितलं नाही.