पाहुण्यांच्या स्टँडमधला टेलर चाचा

ओमानच्या सोहारमधल्या माझ्या पहिल्याच मॅचला मी नव्वद मिनिटं आपल्याच टीमला शिव्या घातल्या.

स्टीलच्या कारखान्यात नवा लागलो होतो. जिथे राहतो तिथला क्लब आपला, असं मानून तिकीट काढलं. जर्सीचा रंग तेवढा कुणाला विचारला नाही. सावली बघून बसलो, तर शेजारी पांढऱ्या दाढीचा एक माणूस, गळ्यात इंचटेप तशीच राहिलेली, निळ्या जर्सीवाल्यांचा रत्नागिरीकडच्या मराठीत उद्धार करत होता. परमुलखात मराठी शिवी कानावर आली की माणूस विरघळतो. निळे म्हणजे पाहुणे, असं ठरवून मीही आवाज लावला. मॅच संपल्यावर त्याने विचारलं, "तू कुठला रे?"

"वसईचा. पण सपोर्ट सोहारला."

"मग निळ्यांना कशाला शिव्या घालतोस? ते सोहारच."

"तुम्हीच घालत होतात ना!"

"मी घालणारच. तीस वर्षं येतोय. तुझा संबंध काय?"

हा टेलर चाचा. तिथल्या बाजारात, सूकमध्ये, त्याचं दिशदाशा म्हणजे ओमानी पायघोळ झगे शिवायचं दुकान होतं. घरच्या टीमचा एवढा जुना माणूस, पण बसायचा कायम पाहुण्यांच्या स्टँडमध्ये. कारण विचारलं तर म्हणाला, "तिकडे बसून शिव्या दिल्या तर आपलीच माणसं चूप बस म्हणतात. इथे चहा पाजतात."

त्या दिवसापासून मी मॅचपुरता त्याचा ड्रायव्हर झालो. माझं फुटबॉल म्हणजे वसईला चर्चच्या मागच्या मैदानात दोन सीझन राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसलो होतो, तेवढंच. हे मी चाचाला एकदा अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "बाकाची काळजी चांगली घेतली असशील."

चाचाच्या मते सोहारचं फुटबॉल पगार सुरू झाला त्या दिवशी मेलं. त्याआधी मैदान मातीचं होतं, आणि क्लबच्या जर्सीवरचे नंबर चाचाच्या मशीनवर शिवले जायचे. गोलकीपर सकाळी मासे विकायचा आणि संध्याकाळी गोलात उभा राहायचा. "हाताला सुरमईचं तेल, तरी बॉल सुटला नाही कधी. आताच्याला परदेशी हातमोजे, आणि बॉल कसा सोडतो? न्हाणीतला साबण सुटतो तसा." नव्या ब्राझिलियन स्ट्रायकरबद्दल त्याचं मत एका वाक्याचं होतं: "हा ब्राझीलमध्ये नक्की नारळ विकत असणार."

त्याची नजर शिंप्याची. खेळाडू टनेलमधून बाहेर येताच तो मापं सांगायचा. एकदा ईदच्या आधी खुद्द कॅप्टन दुकानात दिशदाशा शिवायला आला. मी तिथेच बसलो होतो. चाचाने कमरेला टेप लावली, वहीतलं जुनं माप बघितलं आणि अरबीत त्याला सुनावलं. मग माझ्यासाठी मराठीत सांगितलं, "दोन इंच वाढलाय. म्हटलं, गोल करायला वाकणार कसा?" कॅप्टन हसून म्हणाला, "इन्शाल्ला, चाचा." तो गेल्यावर चाचा पुटपुटला, "पूर्वी गोल करून यायचे. आता इन्शाल्ला म्हणून जातात."

स्टेडियम मात्र आता देखणं. खुर्च्या हजारोंनी, आणि गर्दी एवढी की पेनल्टीच्या वेळी कोण खोकला ते कळायचं. बाहेर कॉफीशॉपमध्ये त्याच वेळी पोरं इंग्लंडच्या क्लबांच्या जर्सी घालून टीव्हीपुढे डोळे पुसत असायची. माझाही मुलगा त्यांत असायचा. चाचा गाडीतून बघायचा. "पाच हजार मैलांवरच्या माणसासाठी रडतात. हा पाच मिनिटांवर हरतोय, त्याला रडायला कोण? मी एकटा?"

मग चाचाला सुईत दोरा दिसेना. दुकान पुतण्याकडे गेलं, व्हिसा कॅन्सल झाला. रात्री दहाच्या विमानाने कायमचं गावी जायचं, आणि नेमकी त्याच दिवशी पावणेपाचला सीझनची शेवटची मॅच. जिंकलो तर वाचलो, नाहीतर क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये. चाचा म्हणाला, "बुडणारच आहेत. मला काय त्याचं." पण सामान माझ्या गाडीत ठेवून चार वाजताच स्टँडमध्ये जाऊन बसला. त्या दिवशी त्याने एकही शिवी दिली नाही. हे मला फार भयंकर वाटलं.

ऐंशीव्या मिनिटाला आपण एका गोलने मागे. मस्कतचा विमानतळ दोन तासांवर, आणि वाटेत बरकाजवळ ट्रॅफिक. मी उठलो. "चाचा, खलास. चला."

"शिट्टी होईपर्यंत मी कधी उठलो नाही."

"विमान चुकेल. आणि आता काय बघायचं राहिलंय यांचं?" ही त्याचीच भाषा मी त्याला ऐकवली. चाचा उठला.

हायवेवर अर्ध्या तासाने मागून हॉर्न वाजवत गाड्यांची रांग आली. मी जाणकारासारखा म्हणालो, "लग्न दिसतंय."

"काच खाली कर," चाचा म्हणाला. शेजारच्या गाडीतून निळा झेंडा फडकवणाऱ्या माणसाला त्याने ओरडून स्कोअर विचारला. त्या माणसाने आधी दोन बोटं दाखवली, मग एक. दोन्ही गोल शेवटच्या आठ मिनिटांतले, असं तो ओरडून सांगत होता. दुसरा त्या दोन इंच वाढलेल्या कॅप्टनचा.

चाचाने काच स्वतःच वर केली. विमानतळ येईपर्यंत मी दोनदा माफी मागितली, एकदा एसी वाढवला. आत गेलो तर बोर्डावर त्याचं विमान तीन तास लेट. चाचाने बोर्ड वाचला, चष्मा पुसून परत वाचला. मग मला छातीशी घट्ट धरलं. त्याचे डोळे भरलेले होते, माझेही.

"वसईकर, आज मला उमगलं," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी उगाच त्या पोरांना बोललो, कोचला बोललो. तू उठून बाहेर पडलास आणि आठ मिनिटांत दोन गोल झाले. पुढच्या सीझनला घरी बस. टीव्हीवरसुद्धा बघू नकोस."