पान उलटण्याची जागा

घरात तिला सगळे छोटी म्हणत. वय एकोणसाठ, गुडघे कुरकुरणारे, केसांत काळं शोधावं लागे, तरी छोटीच. हे नाव थोरल्या भावाने ठेवलं होतं, आणि दादाने ठेवलेली कुठलीही वस्तू त्या घरात जागची हलत नसे. छोटीही हलली नव्हती.

ती आली होती दोन महिन्यांसाठी. वहिनीचं बाळंतपण होतं आणि दादाला त्याच्या रचनांच्या प्रती करून द्यायला कोणी नव्हतं. दुसऱ्या गावच्या मुलींच्या शाळेत संगीतशिक्षिकेची नोकरी तिला मिळाली होती, सामान बांधलेलं होतं. 'एवढी एक रचना होऊ दे, मग जा,' दादा म्हणाला. त्या वाक्याला चौतीस वर्षं झाली. बाळंतपणातलं बाळ परदेशात बाप झालं.

दादा संगीतकार. गाण्यांना चाली लावणाऱ्यांतला नव्हे. पुष्कळ वादक एकत्र बसून तासभर वाजवतात तसल्या भारदस्त रचनांचा. तो मोठाल्या कागदांवर सगळी वाद्यं एकाखाली एक लिही. ती मूळ प्रत. तिच्यातून प्रत्येक वादकासाठी त्याच्यापुरती वेगळी प्रत काढायची, संचालकासाठी एक स्वच्छ मोठी प्रत करायची, हे छोटीचं काम. जिन्याखालच्या खोलीत टेबल, खुर्ची आणि एक खिडकी होती. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसे. भिंतीवरचा प्रत्येक पोपडा तिला तोंडपाठ होता. लिहून लिहून तिचं अक्षर इतकं दादाच्या वळणावर गेलं होतं, की तिची वाण्याची यादी पाहून वहिनी विचारी, "वन्सं, ही यांनी केली का हो?" दादाने उभ्या जन्मात वाण्याची यादी केली नव्हती.

वादकाची प्रत करताना सूर उतरवणं सोपं असतं. खरी कसोटी लागते पान कुठे संपवायचं त्याची. वादकाचे दोन्ही हात वाद्यात गुंतलेले. पान उलटायला एक हात मोकळा हवा, म्हणजे पानाच्या शेवटी त्याला थोडा विराम हवा. तो नसला तर निदान सगळ्यांची पानं एकाच जागी संपू द्यायची नाहीत. व्हायोलिनवाले उलटत असताना चेलोवाले वाजवत राहिले पाहिजेत. श्रोत्यांना यातलं काहीच कळत नाही. कळलं, तर नक्कलनवीस चुकला म्हणून समजावं.

छोटी आयुष्यात एकदाच चुकली. अकराव्या रचनेचा शेवटचा भाग दादाने कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी हातावर ठेवला. दुपारपर्यंत तिने मान वर केली नाही. त्या भागाची तालीम झालीच नाही. वाद्यवृंद छोटा होता, तंतुवाद्यं आणि फुंकायची एक क्लॅरिनेट एवढाच; प्रत्येकापुढे स्वतःचा स्टँड होता, म्हणजे पान उलटून द्यायला शेजारीही नाही. आणि ऐन भरात सगळ्या तंतुवाद्यांचं पान एकाच जागी संपलं. सगळे गज एकदम खाली आले. शाई पुरती वाळली नव्हती, पानं एकमेकांना चिकटलेली. कागदांची सळसळ झाली, मग तीही थांबली, आणि एक क्लॅरिनेट तेवढी आपला खालचा सूर धरून एकटीच उरली. तिची प्रत वेगळ्या कागदावर होती, म्हणून तिचं पान पुढे संपत होतं. शेवटच्या रांगेत बसलेल्या छोटीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन-तीन श्वासांनी सगळे पुन्हा वाजवू लागले.

त्या रात्री दादा रागाने न जेवता झोपला. सकाळी वर्तमानपत्रं आली. समीक्षकांनी ती शांतता डोक्यावर घेतली होती. जेवायच्या वेळेपर्यंत दादाचा राग उतरला, वादकांच्या प्रतींत त्या जागी त्याने छोटीकडून विराम लिहवून घेतला आणि महिनाभरात तो मुलाखतीत सांगू लागला, की आई गेली त्या दुपारी घरात अशीच शांतता होती. आई गेली तेव्हा दादा गावाला होता. घरात छोटी होती, आणि शेजारणीचं शिलाई मशीन चालू होतं.

तिथून पुढे दादाच्या प्रत्येक रचनेत ती शांतता लोकांना हवीच असे. दादा मूळ प्रत सलग लिहून काढी आणि तिच्या टेबलावर टाकत म्हणे, "छोटे, तुझं ते घाल कुठेतरी." कुठे घालायचं ते त्याला कधीच कळलं नाही. ती आठ-आठ दिवस रचना मनात वाजवत भिंतीकडे बघत बसे आणि जागा शोधी. मग ती शांतता फक्त तिने केलेल्या प्रतींमध्ये लिहिली जाई. बावीस रचना अशा झाल्या. शांततेचा संगीतकार म्हणून दादाचा सत्कार झाला तेव्हा छोटी कोट सांभाळत बाहेर बसली होती.

जिथे छोटीला नोकरी मिळाली होती त्या मुलींच्या शाळेत तिची एक मैत्रीण शिकवत असे, ती निवृत्त झाली. तिच्या घरात एक खोली रिकामी होती, खिडकीबाहेर मैदान होतं. 'या महिनाअखेर ये, नाहीतर मी भाडेकरू ठेवते,' असं तिने तिसऱ्यांदा कळवलं. या वेळी छोटीने खरंच पिशवी भरली. लेखण्या, चष्मा, दोन साड्या.

नेमका तेव्हाच दादाच्या रचनांवर ग्रंथ निघायचा ठरला. तो लिहिणारी संशोधक मुलगी अकराव्या रचनेची मूळ प्रत बघायला येणार होती. आदल्या दिवशी दादा जिन्याखाली आला. तो त्या खोलीत सहसा येत नसे, कमान डोक्याला लागे.

"छोटे, मूळ प्रतीत ते नाहीये ना?"

"कसं असेल? तू लिहिलंच नव्हतंस."

"तू लिही. माझ्या अक्षरात. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"आणि मी?"

दादा स्टुलावर बसला. सत्तरीचा माणूस, बारीक खुणा काढणं आता त्याला जमत नसे. "या वयात तोंड काळं होईल गं माझं. एवढं कर, मग मी स्वतः तुला गाडीत बसवून देतो. आईशपथ."

तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त दया आली. तिचं हेच नेहमी नडायचं. दादा गेल्यावर तिने ब्लेड घेतलं, तंतुवाद्यांच्या ओळींतले सूर अलगद खरवडले, जुन्या बाटलीतली शाई काढली आणि विरामाच्या खुणा लिहिल्या. काम देखणं झालं. तिला वाईट काम करताच येत नसे.

मुलगी आली, मऊ हातमोजे घालून. पान सापडताच ती वाकली, भिंग लावून बराच वेळ बघत राहिली. दादाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"इथे खरवडलंय!" मुलगी म्हणाली. "म्हणजे सरांनी आधी सूर लिहिले, मग पुसले. इथेच सुचलं असणार त्यांना." ती हसली आणि छोटीकडे वळली. "मावशी, तुम्हाला एक गंमत सांगू? मी आधी स्वतः वाजवायचे. वाद्यवृंदाच्या कपाटात तुम्ही केलेल्या जुन्या प्रती बघितल्या. सगळ्यांचं पान एकाच जागी उलटतं, एक क्लॅरिनेट सोडून. मला वाटलं, पान उलटण्याचा विचार संगीतकार कशाला करेल? हे नक्कल करणारीकडूनच आलं असणार. तुमच्यावर अख्खं प्रकरण लिहायचं ठरवलं होतं मी. खरं तर तुम्हालाच भेटायला आले. बरं झालं, आधी मूळ प्रत बघितली."

छोटीचं तोंड उघडलं. दारात दादा उभा होता. एकोणसाठ वर्षांत पहिल्यांदा कोणी तिला शोधत आलं होतं, आणि ती नाही असा पुरावा तिने कालच स्वतःच्या हाताने तयार करून ठेवला होता. आता खरं सांगितलं तर खोटी कोण ठरणार, हे तिला कळत होतं.

"मी आपली उतरवून काढते," ती म्हणाली.

मुलीने मान हलवली, हातमोजे काढले. "सर, आता पुढच्या बावीसच्या बावीस मूळ प्रती बघायच्यात मला. प्रत्येकात कुठे खरवडलंय ते छापू. महिन्याभराने येते, चालेल?"

"चालेल की," दादा म्हणाला.

तिला दारापर्यंत सोडून तो परत आला. जिन्याखाली वाकून उभा राहिला. छोटीने त्याच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. शाळेच्या गावाला पत्र टाकायला हवं होतं, की भाडेकरू ठेव.

तिने पिशवीतून चष्मा काढला. "बारावी रचना आण," ती म्हणाली. "आणि ब्लेडं आण. एकाने नाही भागायचं."